फाटकाला अडकलेलं सामान

बंद खोलीत बसून नदीकाठच्या माणसांना नियम शिकवणाऱ्यांनो, पुराचं पाणी कधी छातीपर्यंत आलंय का तुमच्या?

दमयंती कुरणे यांच्या अंगणात एक जुना लोखंडी कंटेनर होता. गल्लीची होडी, दोर आणि लाइफ जॅकेटं त्यातच असायची. पावसाळा तोंडावर आला आणि महापालिकेचे सरनोबत साहेब क्रेन घेऊन हजर झाले.

"बाई, हे विनापरवाना बांधकाम आहे. उचलावं लागेल."

"साहेब, ही पेटी आहे. मोठी आहे, एवढंच."

"ठेवलं की जागचं हलत नाही, म्हणजे बांधकामच. नियम आता तुमच्याकडून शिकू का?"

गल्ली गोळा झाली. कंटेनर गेला तर होडी उघड्यावर कुजणार होती, आणि पूर काही परवानगी काढून येत नाही. दमयंतीबाई शांतपणे म्हणाल्या, "गेल्या पुरात आम्ही होडी बाहेर काढली आणि रिकामा कंटेनर तरंगत तुमच्या ऑफिसच्या फाटकाला जाऊन अडकला. तेव्हा तुम्हीच निरोप धाडलात, 'तुमचं सामान हलवा.' तुमच्या दारात ते सामान होतं साहेब. माझ्या दारात येऊन त्याचं बांधकाम कधी झालं?"

साहेबांनी नदीकडे पाहिलं.

क्रेनचा ड्रायव्हर खिडकीतून वाकला. "हलतो की तो, साहेब. तेव्हा इथं परत आणून ठेवायला तुम्ही मलाच पाठवलं होतं."