बाहुलीवालीचा काडीमोड

तुमच्या आजीच्या आजीलाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एका राज्यात एक बाहुलीवाला आणि त्याची बायको राहत होती. तो पडद्यामागून बाहुल्यांचे दोरे ओढायचा, ती त्यांच्या तोंडची गाणी म्हणायची. जत्रेत खेळ लागला की माणसं हातातला घास टाकून धावत यायची. पण पडदा पडला की घरात दुसरा खेळ सुरू! आज भांडण, उद्या अबोला. शेवटी लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की काडीमोड घ्यायचा.

त्या राज्याची एक रीत होती. वेगळं व्हायचं असेल तर आधी मधल्या आजीकडे जायचं. ही आजी निवाडा देत नसे. ती दोघांच्या मध्ये बसे आणि त्यांचं त्यांना ठरवायला मदत करी. तयारीला आठ दिवस मिळत.

बाहुलीवालीला तर हर्षवायूच व्हायचा राहिला! "बारा वर्षं ऐकून घेतलं, आता माझी पाळी!" नवऱ्याच्या एकूण एक चुकांचं तिनं झक्कास भाषण रचलं. कुठं थांबायचं, कुठं हुंदका द्यायचा, कुठं पदर डोळ्याला लावायचा, सगळं पाठ. शेजारीण तर ऐकूनच रडली.

तिला जिंकायचंच होतं. कारण नवरा म्हणाला होता, "लेकीला घेऊन मी बहिणीच्या गावी जाणार, सात डोंगरांपलीकडे." आठ वर्षांची ती लेक म्हणजे बाहुलीवालीचा जीव की प्राण.

तो दिवस उजाडला. आजीच्या अंगणात ही गर्दी! बाहुलीवालीनं घसा खाकरला. नवराही नवं पागोटं बांधून, भाषण घोकून आला होता.

आजी म्हणाली, "संसार कुणाचा मोडतोय? ह्या दोघांचा ना? मग बाकीचे आपापल्या घरी जा बघू." आणि दोघांना आत घेऊन तिनं दार लावून घेतलं. "आत बोललेलं आतच राहील. हं, बोल बाई."

बाहुलीवाली बोलली. हुंदका बरोबर जागेवर आला. पण आजी आपली पावटे सोलत बसलेली! ना कुणी "अगंबाई" म्हटलं, ना कुणी चुकचुकलं. नवऱ्याचंही भाषण तसंच फुसकं निघालं.

"झालं?" आजीनं विचारलं. "छान पाठ केलंयत हो. आता सांगा, उद्यापासून लेकीनं झोपायचं कुठं?"

हे तर कुणाच्याच भाषणात नव्हतं.

"बरं, बाहुल्यांचं काय?"

"अर्ध्या अर्ध्या!" दोघं एकदमच म्हणाली. राजे त्याला, राण्या तिला.

"नुसत्या राजांचा खेळ बघायला कोण येणार? मी तर नाही बाई येणार."

बाहुलीवालीला हसू आवरेना. नवराही खुदकन हसला.

"आणखी आठ दिवस घ्या," आजी म्हणाली. "ह्या खेपेला भाषण नको. काय नसलं तर तुमचं चालणारच नाही, काय सोडता येईल, आणि लेकीचा दिवस कसा जातो, तेवढं बघून या."

बाहुलीवालीनं पाहिलं. लेक उठल्या उठल्या बापापाशी जाऊन बाहुल्यांचे डोळे रंगवत बसे आणि झोपताना आईचा कान धरून झोपे. "अगंबाई, हिला तर आम्ही दोघंही हवेत!" मी एवढं पाठांतर केलं, पण पोरीला एका शब्दानं विचारलं नाही, ह्याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या वेळी आजी आधी दोघांशी वेगवेगळं बोलली, मग समोरासमोर बसवून म्हणाली, "मला सांगितलंत ते आता एकमेकांना सांगा. भीती कसली वाटते?"

"लेक मला विसरेल," बाहुलीवाली म्हणाली. आवाज कापला, आणि ह्या वेळी तो पाठ केलेला नव्हता.

"मलाही तीच भीती," नवरा म्हणाला. "बहिणीच्या गावाचं रागात बोललो गं. मी इथंच राहीन, वरच्या आळीला. ती सकाळी माझ्याकडे येऊ दे, झोपायला तुझ्याकडे."

बाहुलीवाली ताडकन उठली. "अहो, थांबा थांबा! बाहुल्या कशाला वाटायच्या? खेळ वाटून घेऊ! लढाईचा तुमचा, लग्नाचा माझा. दोन्हींत आपापले राजाराणी आहेत!"

"पण मला गाता कुठं येतं?"

"आणि मला दोरे कुठं ओढता येतात?"

"मग शिकवा की एकमेकांना," आजी म्हणाली. "अख्खा पावसाळा पुढं पडलाय."

ठरल्यावर दोघांनी रीतीप्रमाणे काडी मोडली. दोघांचेही डोळे भरून आले. पण दारात वाट बघत बसलेल्या लेकीला रस्त्यात सगळं सांगताना कोण आधी बोलतंय आणि कोण मागून, अशी त्यांची घाई उडाली होती.

पावसाळा सरला. जत्रेत दोन पडदे लागले. बाहुलीवालीचा एकटीचा पहिलाच खेळ, आणि ऐन लग्नात नवरीचे दोरे गुंतले! नवरी मांडवात आडवी. बाहुलीवालीला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात गर्दीतून ओळखीचा आवाज आला, "अगं, करंगळीचा दोरा! ढील दे, ढील!"

तिनं ढील दिली. नवरी टुणकन उठली आणि चालू लागली. पडद्याच्या फटीतून बाहुलीवालीनं पाहिलं, तर लेक बापाच्या खांद्यावर बसून पोट धरधरून हसत होती.

म्हणून सांगतो, वेगळं व्हायला बसाल तेव्हा जिंकायची तयारी करू नका, उद्याची करा.