सांजवेळचे दोन राजे

एका डोंगराच्या पायथ्याशी दोन वाड्या होत्या, आणि दोघींत पाट एकच. उन्हाळ्यात पाण्याची पहिली पाळी कुणाची, यावर पूर्वी डोकी फुटत. मग वडीलधाऱ्यांनी ठरवलं, डोकी फोडण्यापेक्षा गंजिफा, म्हणजे दशावताराचे पत्ते, खेळा. जिंकेल त्याच्या वाडीला पहिलं पाणी.

नियम जुनाच होता. दिवसा रामाचा राजा सगळ्या पत्त्यांवर भारी, रात्री कृष्णाचा.

त्या वर्षी अलीकडच्या वाडीकडून विसू परब बसला. त्याच्या वाडीतल्या पोफळी करपायला लागल्या होत्या. पाळी हुकली तर बाग हातची जाणार होती. समोर पलीकडच्या वाडीचा दाजी राऊळ. खेळायला तरबेज, भांडायला त्याहून तरबेज.

डाव लांबला. शेवटच्या हाताला विसूने रामाचा राजा टाकला आणि दाजीने कृष्णाचा. नेमकी तेव्हा सांज झाली होती. आता भारी कोण?

"रात झाली! सूर्य केव्हाच बुडालो," दाजी ओरडला.

"डोंगराच्या माथ्यावर ऊन दिसता मा? दिवस आसा," विसू म्हणाला.

दोन्ही वाड्या बाह्या सरसावून उभ्या राहिल्या. पंच होती म्हाळसाआजी. तिने हात वर केला तशी सगळी गप्प झाली.

"पत्ते बदला," ती म्हणाली. "विसू, तुझो राम दाजीक दी. दाजी, तुझो कृष्ण विसूक. आता सांगा, दिवस काय रात? बोललेला मागे घेवक मिळाचा नाय."

दाजीने रामाचा राजा छातीशी धरला. "दिवस! लख्ख दिवस आसा, आये!"

आता सगळे विसूकडे बघू लागले. कृष्णाचा राजा आता त्याच्या हातात होता; 'रात' ठरली तर तोच भारी. मागून त्याची माणसं कुजबुजत होती, "रात म्हण, विसू, रात म्हण!" विसूने माथ्याकडे पाहिलं. ऊन होतं, अगदी चिमूटभर, पण होतं. करपलेल्या पोफळी डोळ्यांपुढे आल्या. तरी तो म्हणाला, "दिवस आसा, आये. मगाशी होतो तोच."

अशा माणसाचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

म्हाळसाआजी हसली. "म्हणजे दोघांचा एकमत झाला. दिवस आसा. आता आपापले पत्ते परत घेवा."

दाजीने रामाचा राजा विसूला परत दिला आणि पहिलं पाणी विसूच्या वाडीचं झालं. दाजीच्याच वाडीत हशा पिकला. थोड्या वेळाने तो उठला, विसूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चल, पाटाची फळी मी स्वतः तुझ्या बाजूक वळवतंय."

तात्पर्य एवढंच: हातातला पत्ता बदलला तरी ज्याचं म्हणणं बदलत नाही, त्याच्याच तोंडी नियम शोभतो.