थोरलीचा उंचवटा, धाकटीचा खड्डा

फार पूर्वी घाटाच्या पायथ्याशी एका गावात एक बाई राहायची. तिच्या परसात पडवळाचा वेल होता. पडवळ हातभर लांब, पांढऱ्या रेघांचं, आणि चवीला कडूपणाचा लवलेश नाही. बाईला दोन लेकी. सासरी निघताना दोघींच्या पदराला तिने तेच बी बांधलं, मूठ मूठ, अगदी सारखं. म्हणाली, "माझ्याकडे द्यायला एवढंच आहे. जपा."

थोरलीला खाली समुद्रकाठी दिली होती. तिथे पाऊस एकदा लागला की चार महिने उसंत घेत नाही. धाकटीला वर माळावर दिली. तिथे ढग येतात, गावाकडे बघतात आणि पुढे निघून जातात.

काही वर्षांतच थोरलीच्या मांडवाची कीर्ती झाली. लोक वाट वाकडी करून बघायला यायचे. धाकटीचा वेल मात्र पहिल्याच वर्षी वीतभर चढला आणि करपला.

त्या काळी मिठाच्या गोण्या लादून घाट चढणारे बैलवाले निरोप न्यायचे-आणायचे. निरोप कानात सांगायची त्यांची रीत नव्हती. पारावर बैल सोडायचे, घोटभर पाणी प्यायचे, आणि ज्याचा त्याचा निरोप मोठ्याने सांगून मोकळे व्हायचे. सगळं गाव ऐकायचं. धाकटीने विचारून पाठवलं होतं की अक्का, माझा वेल का जळतो? उत्तर आलं: मातीचा गुडघाभर उंचवटा कर, त्याच्या माथ्यावर बी लाव. माझं बघ कसं येतं.

धाकटीने उंचवटा केला. थोरल्या बहिणीचं सांगणं, त्यात खोट कशी असेल? घागरभर पाणी घातलं की ते चारी बाजूंनी पळून जायचं, आणि दुपारपर्यंत माथा कोरडा ठणठणीत. वेल गेला. पुढच्या वर्षी निरोप आला, उंचवटा कमी पडला असेल, अजून चढव. तिने चढवला. वेल अजून लवकर गेला. तिसऱ्या वर्षी बैलवाल्याने पारावर उभं राहून सांगितलं, "तुमची अक्का म्हणते, माझ्या बियात खोट नाही, माझ्या सांगण्यात खोट नाही. मग तुझा हातच वाळका असेल. काही बायकांचा असतो."

झालं. मिरचीचं रोप लावायला शेजारणी धाकटीला हाक मारायच्या, त्या मारेनाशा झाल्या. नवरात्रात घट पेरायची वेळ आली तेव्हा सासूने मातीची परात तिच्यासमोरून उचलली आणि जावेपुढे सरकवली. बोलली काही नाही. बोलली असती तर उलट उत्तर तरी देता आलं असतं. पुढे महिन्याभराने बोलली, "परसात तू हात घालू नको बाई. आहे ते तरी हिरवं राहू दे."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. बहिणीचा राग, सासूचा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तीन वर्षं पाणी पळताना डोळ्यांनी दिसत होतं, आणि आपण माती चढवत बसलो. का? तर अक्का म्हणाली म्हणून. डोळे काय अक्काने दिले होते?

आता आईही राहिली नव्हती. बी उरलं होतं सात.

न्हाणीच्या मागे कुणी फिरकत नसे. तिथे तिने कुदळ घातली, आणि असा राग काढला की कोपरभर खोल खड्डा झाला तेव्हाच तिला भान आलं. त्यात पालापाचोळा भरला, न्हाणीचं पाणी वळवलं आणि दोन बिया टाकल्या. उगवल्या, आणि माळावरच्या वाऱ्याने भाजून काढल्या. पुढच्या खेपेला तिने तुरीच्या काड्यांचा आडोसा केला, तर तीन बिया मुंग्यांनी नेल्या. उरल्या दोन. त्या तिने चार दिवस हातात घेऊन नुसत्या पाहिल्या. मग एक झिरपणारं जुनं मडकं खड्ड्यात गळ्यापर्यंत पुरलं, भोवती राख पसरली आणि मडक्याच्या कडेला बी लावलं. मडकं भरलं की पाणी थेंब थेंब मुळाशी उतरायचं, उन्हाला त्याचा पत्ताही लागायचा नाही.

एक बी कुजकं निघालं. दुसरं आलं. श्रावण सरता सरता वेल न्हाणीच्या छपरावर चढला आणि हातभर लांब, पांढऱ्या रेघांची पडवळं खाली लोंबू लागली.

सासूने पाहिलं. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अक्काचं बी म्हणजे बीच हो."

बी आईचं, खड्डा आपला, आणि नाव अक्काचं! धाकटीने हातातला तांब्या असा आपटला की त्याला पोचा पडला. तो पोचा मग कधी निघाला नाही.

पुढच्या वर्षी समुद्रकाठी आभाळ फाटलं. महिनाभर सूर्य दिसला नाही. थोरलीचा मांडव बसला, उंचवटे विरघळून अंगणभर चिखल झाला, आणि शेणात थापून भिंतीला लावलेल्या बियांना बुरशी आली. आईचं बी तिच्या घरातून संपलं. तेव्हा ती बैलवाल्यांच्या बरोबर स्वतः घाट चढून आली.

ओसरीवर बसली, भाकरी खाल्ली, पाणी प्यायली. छपरावरून लोंबणाऱ्या पडवळांकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मग हात पुसत, सहज म्हणावं तशी म्हणाली की जाताना मूठभर बी बांधून दे, माझं यंदा पावसाने गेलं.

"वाळक्या हाताचं चालेल?" धाकटीने विचारलं.

"तेवढंच धरून बसलीस होय? मी आपलं म्हटलं होतं."

"पारावर म्हटलं होतंस." धाकटीने बियांची पुरचुंडी आणली, पण दिली नाही. मांडीवर धरून बसली. "आधी मला एक सांग, अक्का. अगदी पहिल्या वर्षी तुझा वेल कसा आला होता?"

थोरली पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "आला नव्हता. कुजला. दुसऱ्या वर्षीही कुजला, मुळाशी पाणी साचून. शेजारीण म्हणाली, माती उंच कर म्हणजे पाणी निघून जाईल."

"हे निरोपात का नव्हतं?"

"असलं काय सांगायचं असतं? पारावर सगळे ऐकतात."

धाकटीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तो ऐकून सासू दारात येऊन उभी राहिली.

"तुझं कुजलेलं लोकांनी ऐकू नये म्हणून तू माझं करपलेलं गावभर केलंस. उंचवटा कर म्हणालीस. कशासाठी ते नाही म्हणालीस. पाणी साचतं म्हणून उंचवटा, एवढं एक वाक्य पाठवलं असतंस तर मला कळलं असतं की माझ्याकडे साचायला पाणीच नाही. मला खड्डा हवा होता, अक्का. आणि इथे पाऊस कसा पडतो, वारा कसा वाहतो, हे एकदा तरी विचारलंस? आता बी हवंय ना? मग आत्ता मला सांगितलंस तेच पारावर जाऊन सांग."

"मोठ्या बहिणीला पारावर उभी करतेस?"

"तू मला तिथे उभी केलीस, आणि मी तिथे नव्हतेसुद्धा."

थोरली उठली. वहाणा घातल्या आणि अंगणाच्या फाटकापर्यंत गेली. धाकटीने हाक मारली नाही. फाटकाशी थोरली थांबली. आईच्या पडवळाचं बी आता जगात या एकाच घरी होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

ती उजवीकडे घाटाच्या वाटेला वळली नाही. पाराकडे गेली.

बायका पाणी भरून परतत होत्या. थोरलीने सांगितलं, पण तोंडातल्या तोंडात. पारावरचा एक बहिरा म्हातारा कानाला हात लावून म्हणाला, "मोठ्याने बोल बाई, मीठवाले कसे बोलतात?" लोक हसले. मग तिला मोठ्याने बोलावं लागलं. माझे वेल दोन वर्षं कुजले होते, ती म्हणाली. माझ्या बहिणीचा हात वाळका नाही. मला माझा पाऊस माहीत होता, तिचा माळ माहीत नव्हता, आणि मी विचारला नाही.

सासू मागोमाग आली होती. तिने मान खाली घातली आणि ऐकलं.

परत आल्यावर धाकटीने पुरचुंडी सोडली, बियांचे दोन वाटे केले आणि एक बहिणीच्या पदराला बांधला. बांधता बांधता आपलं काय काय गेलं ते सगळं सांगितलं. वाऱ्याने गेलेल्या दोन बिया, मुंग्यांनी नेलेल्या तीन, शेवटचं कुजकं बी. "हे माझ्या माळाचं झालं," ती म्हणाली. "माझं बघून तू खड्डा करू नकोस, आठ दिवसांत कुजेल. तू उंचवटाच कर. कडेला दगड रच, म्हणजे विरघळणार नाही. आणि बी भिंतीला नको, चुलीच्या वर टांग."

थोरलीने बोटांवर एकेक मोजून घेतलं. गाठ घट्ट झाल्यावर हळूच विचारलं, "गेला का गं राग?"

"नाही," धाकटी म्हणाली. "तो जायची वाट बघत बसले तर पेरणीची वेळ निघून जाईल. मीठवाले निघाले बघ. चल, ऊठ."

तात्पर्य: आपला फुललेला मांडव दाखवणाऱ्याने आपलं कुजलेलंही दाखवावं. बी दुसऱ्याच्या पदरात बांधता येतं, आपलं आभाळ बांधता येत नाही.