वानरमावशी आणि उन्हावरची पाटी

ओढ्याकाठच्या एका रानात उंबराच्या झाडावर वानरांची टोळी राहत असे, आणि त्या टोळीत एक मावशी होती. बाळांनो, वानरांची एक रीत आहे. आया पाला खायला गेल्या की पिल्ले मावशीजवळ ठेवून जातात. ही मावशी मायाळू होती, पण पिल्लांच्या उड्यांनी दमून जाई. एक दिवस कुणी वाटसरू उन्हावर चालणारी एक पाटी झाडाखाली विसरून गेला. तिच्यात चित्रे हलत, गाणी वाजत. मावशीने ती पिल्लांपुढे ठेवली. पिल्ले चिडीचूप झाली. मावशी फांदीवर आडवी झाली आणि मनात म्हणाली, "झाली की सांभाळून."

असे दोन महिने गेले. झाडावरची उंबरे संपली, तेव्हा टोळी ओढ्यापलीकडच्या जांभळीवर निघाली. तान्ही पिल्ले आयांच्या पोटाशी बिलगून गेली. एक पिल्लू मात्र थोराड झाले होते. त्याला स्वतःच उडी मारायची होती. पिल्लाने समोरच्या फांदीकडे बोट केले आणि हवेतच सरकवले. पाटीवर असे केले की हवे ते पुढ्यात येई. फांदी जागची हलली नाही. पलीकडून आई हाका मारू लागली. खाली कोल्हा येऊन बसला. "बाळ, कशाला त्रास घेतोस? खाली ये, चालत जाऊ," तो गोड आवाजात म्हणाला.

मावशी घाबरून परत आली. "ही मेली पाटीच ओढ्यात फेकते," ती म्हणाली. वरच्या ढोलीतून म्हातारा धनेश पक्षी म्हणाला, "फेक हवी तर. पण बाई, पिल्लू पाटी बघत होते, तेव्हा तू काय बघत होतीस?" मावशीने उगारलेली पाटी खाली घेतली. मग ती पिल्लाशेजारी बसली आणि म्हणाली, "बाळा, तुला यातले काय आवडते? मला दाखव बघू." पिल्लाने एक खार दाखवली, ती झाडावरून झाडावर जात होती. "कशी रे जाते ती?" मावशीने विचारले. "आधी मागचे पाय आवळते. मग शेपूट ताठ करते. मग खाली बघतच नाही," पिल्लू म्हणाले. "आता पाटी ठेव, आणि मला करून दाखव. आधी या जवळच्या फांदीवर." पिल्लू एकदा घसरले, मावशीने शेपटीला धरून वर घेतले. दुसऱ्यांदा जमले. तिसऱ्यांदा ते ओढ्यावरून गेले आणि थेट आईच्या पाठीवर आदळले. "अगं आई गं, माझी कंबर," आई म्हणाली आणि हसू लागली. कोल्हा उठला. "या झाडाखाली आता काही राम नाही," असे पुटपुटत निघून गेला.

त्या दिवसापासून पाटी निघाली की मावशी आधी स्वतः बघे, मग पिल्लांमध्ये बसे, त्यांना विचारी, आणि थोड्या वेळाने सगळ्यांना फांद्यांवर पिटाळी. टोळीतल्या इतर मावश्या म्हणाल्या, "आम्हालाही शिकव की." ती म्हणाली, "मलाही आत्ताच येऊ लागलंय. या, बसा इथे."

तात्पर्य : नवे खेळणे मुलांच्या हाती देण्याआधी त्यांच्याशेजारी बसायला मोठ्यांनी शिकावे.