धाकूमामाची वाट

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका गावात भागीरथी नावाची बाई राहायची. सगळे तिला भागी म्हणायचे. ती गोष्टी लिहायची. वर ना मालक, ना छापखानेवाला. स्वतःच लिहायची, लाकडी ठशांनी स्वतःच छापायची, दाभणाने शिवायची आणि टोपलीत घालून बाजारात विकायची. पऱ्यांच्या, राजपुत्रांच्या गोष्टी, बरं का. कोणी कितीही लांब जावो, शेवटच्या पानावर घरी यायचाच. आणि भात अगदी गरमागरम वाढलेला असायचा.

आता पुस्तक विकायचं म्हणजे वाचून दाखवायला हवं. मग भागी भर दुपारी बाजारात बसून गोष्ट सांगायची. म्हाताऱ्या बायका ओरडायच्या, "अगं, दिवसा गोष्ट सांगू नये, पोरांचा मामा वाट चुकतो!" भागी नुसती हसायची. तिला एक मुलगी होती, शेवू. आणि शेवूला मामा एकच, धाकू. गलबतावर खलाशी होता तो. ए, पाय हलवू नकोस, ऐक.

त्या वर्षी मोठं वादळ आलं. बाकीची गलबतं परतली, धाकूचं आलं नाही. भाऊबीज तशीच गेली. मग एके दिवशी दिवेलागणीला समुद्रातून हाक आली, "भागे, वाट दिसत नाही गं!" रोज यायला लागली ती हाक. भागीच्या काळजाचं पाणी झालं. माझ्यामुळेच चुकला, म्हणायची. शेवू तर मामा आल्याशिवाय जेवणार नाही म्हणून अडून बसली. वाळत चालली पोर.

मग भागीने काय केलं? वाट चुकलेल्या खलाशाची गोष्ट लिहिली, त्याला सुखरूप घरी आणला आणि किनाऱ्यावर जाऊन मोठ्याने वाचली. हाक जवळ आली. पण नुसती हाक. माणूस काही आला नाही.

बंदरावर दाऊदचाचा राहायचे. उभा जन्म गलबतं हाकण्यात गेलेला म्हातारा माणूस. ते म्हणाले, "पोरी, तुझ्या गोष्टींना घराचीच वाट ठाऊक. मी ग्रीकांच्या देशात गोष्टी ऐकल्यात, त्यांना दुसऱ्याही वाटा ठाऊक आहेत."

"सांगा ना, चाचा."

"रडशील."

"रडतेच आहे की."

मग चाचांनी पहिली गोष्ट सांगितली. एका बापाने लेकाला मेणाने चिकटवून पिसांचे पंख करून दिले. लेक उडाला, सूर्याच्या फार जवळ गेला. मेण वितळलं आणि तो समुद्रात पडला. "मग? कोणी झेललं त्याला?" भागीने विचारलं. "कोणी नाही," चाचा म्हणाले. भागीला असा राग आला! पण घरी जाऊन तिने ती गोष्ट आपल्या बोलीत लिहिली आणि समुद्राला वाचून दाखवली. त्या संध्याकाळी हाक आली नाही. पाण्यात कोणीतरी गप्प बसून ऐकत होतं.

दुसरी गोष्ट एका गाणाऱ्याची. त्याची बायको मेली, म्हणून तो थेट यमाच्या घरी गेला आणि असा गायला, असा गायला, की यमालाही पाझर फुटला. घेऊन जा म्हणाला, पण वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. आणि अगदी दाराशी आल्यावर त्याने बघितलंच. गेली बायको. हे काही भागीला लिहवेना. जुनी खोड हो, सुटते का! तिने शेवट बदलला. बायको घरी आणली, भात वाढला. पण वाचून घरी परतते तोच वारा सुटला आणि हाक पार तिच्या दाराशी आली. दार धडधडलं. उघडलं तर उंबऱ्यावर ओली वाळू, आणि नुसतं रडणं. "भागे, मला आत येता येत नाही, आणि तू मला जाऊही देत नाहीस."

तेव्हा तिला कळलं. धाकू वादळातच गेला होता रे बाळांनो. बहिणीच्या गोष्टी त्याला घराकडे ओढत होत्या, आणि घर काही आता त्याचं राहिलं नव्हतं.

भागी खूप रडली. मग डोळे पुसून चाचांकडे गेली. म्हणाली, "गेलेला माणूस पुढे कुठे जातो, ती गोष्ट सांगा." चाचांनी सांगितली. मेलेल्यांच्या वाटेवर एक नदी असते. आपली वैतरणी असते ना, तशीच. तिथे एक चिडका म्हातारा नावाडी असतो. ज्याच्याजवळ नाणं असेल त्यालाच तो नावेत घेतो. नसेल तो काठावर भटकत राहतो.

भागीने ती लिहिली. एक शब्द गोड केला नाही. दिवेलागणीला ताटात निरांजन ठेवलं, शेवूचा हात धरला आणि किनाऱ्यावर जाऊन गोष्ट वाचली. तर काय, कमरेएवढ्या पाण्यात धाकू उभा! केसांत शेवाळ, अंगावर काटा येईल असा गार, पण हसणं तेच. भागी पाण्यात शिरली. त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. ओवाळल्यावर भाऊ ताटात काहीतरी घालतो की नाही? धाकूने हात पुढे केले. रिकामे होते. मग भागीनेच पदराची गाठ सोडून नाणं काढलं, भावाच्या मुठीत घातलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

"जा," ती म्हणाली. "आता नाही मी बोलावणार."

शेवूने मामाला हात केला. धाकू वळला आणि चालत चालत दिसेनासा झाला. घरी येऊन शेवू पोटभर जेवली.

पुढे भागीच्या टोपलीत ग्रीकांच्याच गोष्टी असायच्या. लोक नाकं मुरडायचे, "यात सगळे मरतातच की गं!" पण ज्यांच्या घरचं कोणी गेलेलं असे, ते हळूच येऊन एक पुस्तक घेऊन जायचे.

मायलेकी सुखात राहिल्या का? राहिल्या की. खाऊनपिऊन राहिल्या. शेवू मोठी झाली, नांदायला गेली. भागी मात्र रोज दिवेलागणीला किनाऱ्यावर जाऊन कान देऊन बसायची. हाक येत नाही म्हणजे भाऊ पोचला. तेच तर तिला हवं होतं, आणि तेच तिला सोसत नसे.

झालं, सरली गोष्ट. पांघरूण ओढा नीट. मी दिवा बारीक करते. निजा आता.