घुशीची भट्टी

जिथे रान संपून कपाशीची शेते सुरू होत, तिथे बांधालगतच्या बिळात एक घूस आपल्या पिल्लांसह राहत होती. मुलांनो, त्या वर्षी थंडी फार कडक पडली. घुशीचे धाकटे पिल्लू जन्मापासूनच अशक्त. आईच्या पोटाशी घेतले तरी ते कुडकुडत राही. वेचणी उरकल्यावर माणसांनी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उपटून बांधावर टाकून दिल्या होत्या. एक हुप्प्या वानर त्या रोज पेटवी. जाळ झाडाएवढा उठे, सगळे प्राणी भोवती जमत, आणि अंग जरा शेकते न शेकते तोच नुसती राख उरे.

शेजारी राहणारी म्हातारी साळू, म्हणजे साळिंदर, घुशीला म्हणाली, "अगं, उघड्यावर जाळलं तर सगळी ऊब वाराच नेतो. खड्डा खण. काड्या दाबून भर, पेटव, आणि जाळ धरला की वरून ओल्या मातीनं लिंपून टाक. धुरापुरतं भोक ठेव. धूर विरळ झाला की तेही बुजव. आत कोळसा होईल. बिळाच्या तोंडाशी त्यातला थोडा पेटवलास तरी धग पुष्कळ वेळ टिकेल."

"उघडायचं कधी, मावशी?"

"माती पार गार झाल्यावर. त्याआधी हात लावू नकोस."

घुशीने खड्डा खणला. हुप्प्याच्या तडाख्यातून वाचलेल्या शेवटच्या पऱ्हाट्या दातांनी ओढत आणल्या, पेटवल्या, लिंपल्या, भोकही बुजवले. मग ती राखण करत बसली. हुप्प्या हसत म्हणाला, "काय गं, लाकडं पुरून ठेवलीस? पोर गारठून मरतंय आणि तू जाळ जमिनीत कोंडतेस! कसली आई तू?" जमलेले प्राणी खदखदून हसले. घुशीच्या मनाला ते लागले. मातीला अजून चटका होता. तरी जरा बघावे म्हणून तिने ती उकरली. आत काळाभोर कोळसा तयार होता. ती हरखली. तेवढ्यात वारा आत शिरला आणि सगळा खड्डा लाल होऊन भडकला. तिने पंजांनी माती लोटली, पंजे भाजले, पण जाळ आवरला नाही.

सांजेला बोचरे वारे सुटले. बांधावर जाळायला एक काडी उरली नव्हती. हुप्प्या आपल्या टोळीत शिरून झाडावर बसला होता. साळूला कळले तेव्हा तिने स्वतःचा कोळसा तोंडात धरून आणला आणि बिळाच्या तोंडाशी फुलवला. थोरली पिल्ले हळूहळू हलू लागली. धाकटे हलले नाही.

"मी नुसतं बघितलं, मावशी," घूस म्हणाली.

साळू निखाऱ्यावर फुंकर घालत राहिली.

पुढे तुरीची कापणी झाली. टाकलेल्या तुराट्या गोळा करून घुशीने पुन्हा खड्डा भरला. हुप्प्या आला, पुष्कळ बोलला. ती लिंपलेल्या मातीजवळ बसून राहिली. माती गार झाल्यावरच उठली. कोळसा चांगला झाला होता.

तात्पर्य : टाकून दिलेल्या काडीतही घर तगवणारी ऊब असते, पण लोकांच्या हसण्याला भिऊन काम पुरे होण्याआधी उघडले, तर राख हाती येते आणि गेलेले परत मिळत नाही.