नव्वदची मशीन

"…मग ह्यातली कुठली ठेवू, बुवा? सत्तर सीसीची का नव्वदची?"

दौलूबुवा चुलीपुढं बसून चहा गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बस."

"बसायला वेळ कुठला हाय!" सर्जेराव मठीच्या दारातच उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. "दुकानदारानं दोन्ही चेनसॉ दिल्यात. जीपमधी हाईत. एक ठेव, एक माघारी दे म्हणाला."

घाई काही उगाच नव्हती. काल दुपारच्या वळवानं घाटातला जुना रायवळ आंबा मुळासकट उपटला होता, आणि पडायचा तर नेमका वरच्या वाडीच्या रस्त्यावर आडवा पडला होता. त्या वाडीत सर्जेरावाची बायको अनुसया माहेरी होती, दिवस भरलेली. सकाळीच सासरा पायी खाली आला होता. कळा लागल्यात, अंगावरून जातंय, आजच्या आज जीप आण, एवढं सांगून तो तसाच माघारी वर गेला. वाडीत गाडी नाही. आणि आठ किलोमीटरचा घाट झोळीतून उतरण्याइतकी ती धड नव्हती.

मागल्या खेपेलाही असाच उशीर झाला होता. मूल हाती लागलं नव्हतं.

"जुनी मशीन कुठं हाय?" बुवांनी विचारलं.

"झाडात! अर्ध्यात गेली आणि पट्टी चिमटून बसली. हालंना का डुलंना. पंचेचाळीसची ती, तिच्यात काय दम असणार?"

"हं."

"नुसतं हं काय, बुवा? चाळीस वर्सं लाकूड कापलंसा तुम्ही. तुमच्या करवतीचं दुसरं टोक धरून मी शिकलो, ते काय विसरलो न्हाई. पर ते दिवस गेलं. आता ताकदीचा जमाना हाय."

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. बुवांनी बशीतला चहा फुंकला, प्यायला, बशी पालथी घातली.

"पडलेल्या झाडाला करवत लावायच्या आधी आपण काय करायचो रं?"

"…फेरी घालायचो. झाडाभोवती."

"घातलीस?"

"अहो, तिकडं बाई अडलीया आणि मी काय प्रदक्षिणा घालत बसू?"

"उतावळा नवरा…" बुवा पुटपुटले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि काठी घेतली.

"नव्वदची घे."

सर्जेरावाला वाटलं, चला, म्हातारा अखेर वळला!

आंबा मठीपासून हाकेच्या अंतरावर होता. एका माणसाच्या कवेत मावणार नाही असा बुंधा. डोंगराच्या अंगाला मुळांचा गड्डा दीड पुरुष उंच उभा राहिला होता, आणि तांबड्या मातीचे ढिगारे त्याला अजून धरून होते. रस्ता कैऱ्यांनी भरला होता. खोडाच्या मधोमध जुनी मशीन अडकून लोंबत होती. तिच्याकडं बघवेना म्हणून सर्जेरावानं तोंड फिरवलं.

या खेपेला मधोमध नाही. बुंध्यापाशी, गड्ड्याला लागूनच कापायचं. तिथं फांदी नाही, अडचण नाही. नव्वदची मशीन लोण्यातून सुरी जावी तशी जाईल.

"मी जरा पलीकडं बसतो," बुवा म्हणाले आणि काठी टेकत गेले.

सर्जेरावानं दोरी ओढली. मशीन अशी गरजली की त्याच्या छातीत धडधडलं. काय ताकद, वा! साल उडाली, भुसा उडाला, पट्टी बघता बघता वीतभर आत शिरली. अनुसये, आलोच, तो मनात म्हणाला.

भुसा डोळ्यांत गेला म्हणून त्यानं क्षणभर मान वळवली.

मुळांच्या जाळीपलीकडं काहीतरी पांढरं दिसलं.

फेटा.

झाड उपटून झालेल्या खड्ड्यात, त्या उभ्या गड्ड्याच्या बरोबर खाली, बुवा मांडी घालून बसले होते. तंबाखू मळत होते.

सर्जेरावानं मशीन बंद केली.

"बुवा! बाहेर या!"

"का?"

"अहो, बुंधा सुटला की गड्डा माघारी बसंल! मातीसकट! जिता गाडला जाल! उठा, पाया पडतो तुमच्या!"

बुवा तंबाखू मळत राहिले.

तेव्हा सर्जेरावाला खड्ड्यातल्या ओल्या मातीत पावलं दिसली. वाडीची माणसं सकाळपासून इथूनच खाली-वर करत होती. दुसरी वाटच नव्हती. सासराही इथूनच गेला होता. त्या वेळी ही मशीन हातात असती तर?

मशीन खाली ठेवून तो चालू लागला. गड्ड्याला वळसा घालून, खोडाच्या कडेकडेनं, पार शेंड्यापर्यंत गेला आणि दुसऱ्या अंगानं परत आला. खोड दोन दरडींवर टेकून मधे वाकलं होतं. वरून घातलेली पट्टी चिमटणारच होती. तिथं खालून कापायला हवं होतं, आणि त्याला पंचेचाळीसची पुरली असती.

त्याला स्वतःची लाज वाटली. रडूही आलं, पण रडायला वेळ नव्हता.

जीपमधला दोर काढून त्यानं गड्डा शेजारच्या ऐनाच्या झाडाला करकचून बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. मग खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून हात पुढं केला.

"या, बुवा. वर या आता."

बुवांनी हात लगेच धरला नाही. तंबाखूची चिमूट गालात ठेवली, आणि वर बघत विचारलं,

"का रं सर्जा… नव्वदची बी कमी पडली?"